भिंतीतला बारासिंगा

आमच्या सातबोडीत चित्ता आला तेव्हा मी दहावीत होते, दिवाळी तोंडावर होती आणि सहामाहीतले भूमितीचे मार्क घरी सांगायचे राहिले होते. त्यामुळे चित्त्याचं स्वागत माझ्याइतकं मनापासून दुसऱ्या कोणी केलं नसेल.

तो कोणाला दिसला मात्र नाही. तो चाखणीला कळला.

चाखणी हे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव. तिचं खरं नाव इतकं लांब आहे की वाचेपर्यंत नाला आटेल. कोळसा खाणीच्या कंपनीनं आमच्या नाल्याच्या काठावर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेली ती एक हिरवी पेटी होती. शाळेतल्या कपाटाएवढी, डोक्यावर सौर पत्रा, आणि पोटातून निघालेली एक नळी पाण्यात बुडवलेली. ती दिवसभर नाल्याचं पाणी घोट घोट पिते आणि सांगते, वरच्या अंगाला कोणकोण पाणी पिऊन गेलं.

यात जादू काही नाही. जनावर पाण्याला तोंड लावतं तेव्हा त्याची लाळ पाण्यात पडते. अंगावरचा केस पडतो, कातडीचा कोंडा पडतो, आणि बाकीचं काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या प्रत्येक कणात त्या जनावराचा डीएनए असतो. चाखणी तो गाळून घेते, वाचते आणि आपल्या पोटातल्या यादीशी ताडून बघते. हा चितळाचा, हा रानडुकराचा, हा वाघाचा. एवढंच नाही, एका वाघाचा डीएनए दुसऱ्या वाघापेक्षा जरासा निराळा असतो, म्हणून वाघ किती तेही तिला मोजता येतं. आणि उघड्या पाण्यातला डीएनए ऊन, वारा, जंतू यांच्या तावडीत थोडेच दिवस टिकतो. म्हणजे पाण्यात जे सापडलं ते ताजं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आम्ही सगळ्यांनी ते डोळे मिटून मान्य केलं होतं.

चाखणीची देखभाल माझ्याकडे होती. नळीच्या तोंडाची जाळी साफ करायची, गाळणीची चकती बदलायची. कंपनीनं शाळेतून एक मुलगी निवडली, ती मी, चैताली कुळमेथे. मला 'नदीसखी' असं छापलेलं निळं जाकीट मिळालं. आठवीत वर्गात उभं राहून कविता म्हणताना मी अर्धी कडवी गाळून खाली बसायचे, त्याच मी नववीत चंद्रपूरच्या सभागृहात माईक हातात धरून शंभर माणसांना जनुकशास्त्र समजावलं आणि एका कलेक्टरला मध्येच थांबवून म्हटलं, "सर, प्रश्न शेवटी." ते हसले. मी हसले नाही. मला ते जाकीट फार शोभत होतं.

मला हे सगळं शिकवलं मुलाणी मॅडमनी. डॉक्टर नाझनीन मुलाणी, मूळच्या सांगलीकडच्या, कंपनीच्या वन्यजीव विभागात नोकरीला. त्या गमबूट घालून नाल्यात उतरायच्या आणि चहा बशीत ओतून प्यायच्या. मला "तू" म्हणायच्या, पण विज्ञानाचं बोलताना "आपण" म्हणायच्या. "आता आपण काय करू, चैताली?" असं त्यांनी विचारलं की माझी उंची दोन बोटं वाढायची.

चाखणी बसली त्या दिवाळीत चार वाघ निघाले. होळीला सात. लग्नसराईत बारासिंगा निघाला, जो आमच्या भागात कोणी ऐकलासुद्धा नव्हता. पुढं रानम्हैस. वाघ एकोणीसवर गेले. आणि आता चित्ता. मॅडम म्हणाल्या, मध्य प्रदेशात सोडलेत त्यांच्यातला एखादा चालत आला असेल, त्यांना सीमा कुठं कळतात. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खाणीच्या शेजारी जंगल फुललं, असं त्याखाली छापलं होतं.

*

यंत्राला दिसलं म्हटल्यावर माणसांना दिसायला कितीसा वेळ लागतो.

आधी सरपंचांना बारासिंगा दिसला. शिंगं किती होती विचारलं तर म्हणाले, मोजायला तो उभा थोडीच राहिला. मग पानठेल्यावरच्या प्रत्येकाला काहीतरी दिसायला लागलं. बसस्टँडवरच्या हॉटेलचं नाव 'चित्ता टी सेंटर' झालं. नागपूरहून लोक गाड्या घेऊन यायचे, धूळ बघायचे, भजी खायचे आणि जायचे.

पण याची दुसरी बाजू होती ती बायकांवर पडली. वाघाचं नाव निघालं की चाखणी गावातल्या सगळ्या मोबाईलवर भोंगा वाजवायची: वाघ जवळ आहे, घरात राहा. माझी आई पहाटे एकटी मोहफुलं वेचायला जायची, ती जाईनाशी झाली. बाबा जाऊ देईनात. बाबा खाणीत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, रोजंदारीवर. रस्त्यावरची धूळ दाबायला दिवसभर पाणी शिंपडत फिरायचे आणि संध्याकाळी तीच धूळ खोकायचे. ते म्हणायचे, "मोहाच्या पायी वाघाच्या तोंडी जातेस का वं?" सरपण आणायला बायका दहा-बारा जणी मिळून जायच्या, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, डबे वाजवत. आई डबा असा बडवायची की चित्ता काय, हत्ती पळाला असता.

मला कधी शंका आली नाही. आईलाही नाही. एवढा खर्च करून बसवलेलं यंत्र खोटं कशाला बोलेल, असं ती म्हणायची. शिवाय ते यंत्र तिची लेक सांभाळत होती.

*

आता छुईचं सांगते. छुई म्हणजे पांढरी माती. आमच्याकडे दिवाळीला, होळीला आणि लग्न असलं की घराच्या भिंती छुईनं सारवतात. हात ओला करून कोपरापर्यंत फिरवत नेला की भिंतीवर चंद्रकोरी उमटतात आणि वाळल्यावर घर आतून उजेड लावल्यासारखं दिसतं. ही माती नाल्याच्या वरच्या वळणावर, रेडाडोहाच्या दरडीत मिळते. त्याला रेडाडोह का म्हणतात हे कोणाला माहीत नव्हतं. कोणाचा तरी रेडा बुडाला असेल, एवढंच.

पूर्वी बायका वरवरची माती खणायच्या. खाणीतलं ब्लास्टिंग वाढलं तसं हादऱ्यांनी दरड खचली आणि खालचा थर उघडा पडला. तो वरच्यापेक्षा पांढरा आणि हाताला लोण्यासारखा. बायका खूश. दर सणाला हातभर आणखी आत खणायच्या. माती टोपल्यांनी नाल्यात आणायची, उथळ पाण्यात दगडांचं आळं करून त्यात टाकायची आणि पायांनी तुडवायची, म्हणजे खडे खाली बसतात आणि दुधासारखं पाणी वर येतं. मग ते फडक्यानं गाळायचं. उरलेलं पांढरं पाणी वाहून जातं. खाली, जिथं चाखणी आहे तिकडं.

आणि चाखणी तिथंच का, तर कंपनीच्या गाडीला नाल्यापर्यंत जाणारी एकच वाट सापडली. ती वाट छुई आणणाऱ्या बायकांच्या पायांनी पडलेली होती.

त्या दिवाळीला मीही टोपली घेऊन गेले, मुख्यतः भूमितीचा विषय निघू नये म्हणून. आई आणि मंदाकाकू आळ्यात उतरून तुडवत होत्या. मंदाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण. त्या बोलत नाहीत तेव्हा आजारी असतात. लुगडी गुडघ्यापर्यंत, पाय पांढरे, आणि काकू माझ्या जाकिटावर तोंडसुख घेत होत्या. "नदीसखी म्हणे. सखी हाय तर उतर ना नदीत. तिथं बसून पाय भिजवते नवरीवानी."

तेवढ्यात भोंगा वाजला. सगळ्या टोपल्यांतले, कमरेचे मोबाईल एकदम. वाघ जवळ आहे.

बायका टोपल्या टाकून पळाल्या. मंदाकाकू सगळ्यांच्या पुढं. गाव येईपर्यंत कोणी मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबे बडवत आम्ही परत गेलो, कारण अर्ध्या भिंती राहिल्या होत्या. टोपल्या तशाच पडल्या होत्या. ओल्या मातीत बायकांच्या पळत गेलेल्या पावलांचे ठसे होते, कुत्र्याचे होते. वाघाचा एकही नव्हता. बायका पुन्हा आळ्यात उतरल्या, तुडवायला लागल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा भोंगा. पुन्हा पळापळ. पण या वेळी मी पळाले नाही. मी आळ्याकडे बघत उभी राहिले. तिथून एक पांढरी दोरी निघाली होती, पाण्यातून वळत वळत खाली गेली होती आणि हिरव्या पेटीच्या नळीपाशी पोहोचली होती.

मला दिवाळी आठवली, होळी आठवली, लग्नसराई आठवली. आमच्या जंगलातली जनावरं मोठी धार्मिक निघाली. फक्त सणावारालाच पाणी प्यायची.

मी बूट काढले, आळ्यात उतरले आणि एकटीच तुडवायला लागले. पाय दुखेपर्यंत. मग काठावर येऊन बसले. भोंगा वाजला. वाघ जवळ आहे.

मी घरी आले. तपासणीचं छोटं यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं, माझ्याकडे असायचंच. चुलीच्या मागची भिंत नखानं खरवडली आणि ती भुकटी पाण्यात कालवून आत घातली. एकेक नाव पडद्यावर यायला लागलं. वाघ. चितळ. सांबर. रानम्हैस. बारासिंगा. चित्ता. भिंतीला टेकून आमची परात उभी होती.

मग मी रेडाडोहाच्याही वर गेले, जिथं कोणी माती धूत नाही, तिथलं पाणी आणलं. त्यात गाय निघाली, कुत्रा, माकड, एक रानडुक्कर आणि माणूस. माणूस भरपूर.

*

मुलाणी मॅडमनी माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि यादी दोनदा वाचली. मग त्या पायरीवर बसल्या.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पांढऱ्या कपड्यावर हळद सांडली तर ती कपड्याला धरून बसते. तेच पाण्यात सांडली तर वाहून जाते. डीएनएचं तसंच आहे. मोकळ्या पाण्यात तो थोडे दिवस राहतो. पण चिकणमातीच्या कणाला एकदा चिकटला, वरून गाळाचे थर बसले, हवा लागली नाही, की त्याला कुरतडणारे जंतूही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग तो शेकडो वर्षं राहतो. रेडाडोह हा कधीकाळी मोठा डोह असणार. शेकडो वर्षं जनावरं तिथं पाण्यावर आली आणि त्यांची लाळ, लीद, केस तळाच्या गाळात बसत गेले. तो गाळ म्हणजे आमची छुई. बायका जितक्या खोल खणत गेल्या तितक्या जुन्या काळात पोहोचत गेल्या. चाखणी मात्र सगळ्यांना आजचे समजून एकत्र मोजत होती. वाघाचा खापरपणजोबा आणि त्याचा खापरपणतू शेजारी उभे राहून पाणी पितायत, असं तिला वाटत होतं.

"म्हणजे आपले एकोणीस वाघ?" मी विचारलं.

"एकही नाही, चैताली. निदान पाण्यात तरी नाही." त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला. "दोन वर्षं मी मेलेली जनावरं मोजतेय. आणि तो अहवाल माझ्या सहीनं गेलाय."

तो अहवाल कुठं गेला होता ते गावाला माहीत होतं. कंपनीला दुसरा खड्डा हवा होता. पहिल्या खड्ड्याच्या अलीकडचं सगळं जंगल, नाल्याच्या वळणासकट, रेडाडोहासकट. संक्रांतीनंतर जनसुनावणी होती. कंपनीचं म्हणणं साधं होतं: खाण चालू असूनही जनावरं वाढली, चित्तासुद्धा आला, म्हणजे खाणीचा जंगलाला त्रास नाही, म्हणजे आणखी एक खड्डा खणायला हरकत नाही. आणि या म्हणण्याचा सगळा भार चाखणीवर होता. म्हणजे माझ्यावर.

मॅडमनी त्याच दिवशी वर कळवलं. वरून उत्तर आलं की सुनावणीत कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी बोलायचं नसतं. नंतर त्यांना ओडिशातल्या खाणीवर पाठवायचं ठरलं, तातडीनं. जाताना त्या मला म्हणाल्या, "आता आपण काय करू, असं मी विचारणार नाही. तुझं वय बघता विचारायलाच नको होतं कधी." मी म्हटलं, मला माईकची भीती वाटत नाही. त्या म्हणाल्या, "माईकची नाही म्हणत मी."

घरी मी सगळं सांगितलं. बाबा ऐकून भिंतीकडं बघत राहिले. दुसरा खड्डा झाला तर टँकरवाले कायम होणार होते, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मंदाकाकूंनी सांगितलं. आईनं भिंतीवर हात ठेवला. मग मला विचारलं, जंगल वाचेल का तुझ्या बोलण्यानं? मी म्हटलं, वाचेलच. कंपनीचा एकच खांब आहे, तो मी काढून घेतला की छप्पर खाली.

"मंग बोल," आई म्हणाली. "बेधडक बोल."

*

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. कंपनीकडून सबनीस साहेब होते, पर्यावरण विभागाचे मुख्य, केस पांढरे, आवाज मऊ. त्यांच्या मागं पडद्यावर माझाच फोटो होता, जाकिटातला.

मी जाकीट घालूनच गेले. माझी पाळी आली तेव्हा मी एका हातात छुईचा गोळा घेतला, दुसऱ्या हातात माईक. मी इतकं छान बोलले की आज आठवलं तरी लाज वाटते. हळदीचा डाग सांगितला, खापरपणजोबा सांगितला. लोक हसले. मांडवातच गोळा पाण्यात कालवून यंत्रात घातला आणि पडद्यावर नावं आली. वाघ. बारासिंगा. चित्ता. शेवटी मी म्हटलं, "आमच्या जंगलात वाघ नाही. चित्ता नाही. चितळसुद्धा उरलं नाही. खाणीशेजारी काही वाढलं नाही, सगळं संपलंय. तो अहवाल खोटा आहे."

टाळ्या झाल्या. सरपंचांनी वाजवल्या नाहीत, कारण त्यांना बारासिंगा दिसला होता.

सबनीस साहेब उठले. तेही टाळ्या वाजवत होते.

"शाबास, बाळा," ते म्हणाले. "विज्ञान म्हणजे हेच. आम्ही तुझे आभारी आहोत." मग मंचावरच्या अधिकाऱ्यांकडे वळून ते तितक्याच मऊ आवाजात म्हणाले की आजपर्यंत या प्रस्तावाला एकच गंभीर अडचण होती. या पट्ट्यात वाघ, चित्ता, बारासिंगा यांसारखे संरक्षित प्राणी असल्याची नोंद होती, त्यामुळे कंपनीला इथं वन्यजीवांसाठी मोठा पट्टा सोडावा लागणार होता. आता गावानंच, प्रात्यक्षिकासह, सिद्ध केलं आहे की इथं कुठलाही संरक्षित प्राणी नाही. तेव्हा पट्टा सोडण्याचा प्रश्न उरत नाही.

मी माईक पुन्हा मागितला. मी म्हटलं, पण ते तुमच्यामुळंच संपलेत. ते म्हणाले, तसा काही पुरावा आहे का? खाणीआधी इथं काय होतं याची मोजणी कोणी केली आहे का? कोणीच केली नव्हती. चाखणीच्या आधी आमच्या जंगलाला कोणी काही विचारलंच नव्हतं. माझ्या हातात मातीचा गोळा होता आणि त्यात सगळे होते, पण कोण केव्हा मेला हे तो सांगू शकत नव्हता.

जनावरं असली तर खाणीचा त्रास नाही. जनावरं नसली तर वाचवायला काही नाही. मी भूमितीत कच्ची आहे, पण दोन रेषा कुठूनही काढल्या तरी एकाच बिंदूला कशा मिळतात ते मला त्या दिवशी मांडवात समजलं.

साहेबांनी जाता जाता एक गोष्ट आणखी केली. मोजणीच्या पाण्यात बाहेरची माती मिसळली गेली हे गंभीर आहे, म्हणाले. पण गावातल्या भगिनींनी अजाणतेपणी केलं असेल, म्हणून तक्रार करणार नाही. फक्त यापुढं रेडाडोहाकडं कोणी जायचं नाही. आणि भिंतींसाठी कंपनी प्रत्येक घराला डिस्टेंपर देईल, मोफत.

मांडवातून बाहेर पडताना बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. आईकडेही नाही. मंदाकाकू तेवढ्या थांबल्या आणि काही न बोलता पुढं गेल्या.

घरी आल्यावर मी रडले. मला वाटलं आई जवळ घेईल. ती चुलीपुढं बसली होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. "त्यायले आपल्या भिंतीत राहू दिलं असतं तर काय बिघडत होतं वं?" ती म्हणाली. "कोणाले खात होते का ते?"

मी म्हटलं, तूच तर बोल म्हणालीस.

"म्हणली ना. तू म्हणली जंगल वाचते, म्हणून म्हणली."

*

खड्डा उन्हाळ्यात सुरू झाला. बाबा कायम झाले. ते पेढे घेऊन आले, आणि पेढे कोणाला द्यायचे ते न कळून पुडा फळीवर ठेवून दिला. मुंग्यांनी खाल्ले.

दहावीत मला पंच्याऐंशी टक्के पडले. भूमितीतही बरे पडले. मुलाणी मॅडमचा फोन आला, त्यांनी अभिनंदन केलं, ओडिशातही एक चाखणी बसवली आहे म्हणाल्या, आणि मग, अभ्यास कर, म्हणून फोन ठेवला.

डिस्टेंपर फिकट निळा होता, माझ्या जाकिटाच्या रंगाचा. गावातली सगळी घरं एकसारखी दिसायला लागली. आमच्याही बाहेरच्या भिंतींना कंपनीची माणसं रंग देऊन गेली. चुलीमागची भिंत आईनं देऊ दिली नाही. पण छुई दरवर्षी नवी लागते. जुनी पोपडे धरते, भाकरी थापताना परातीत पडते. आई ते कण वेचून काढायची. एकदा मी पाहिलं, तिनं एक कण काढला, बोटावर धरून बघितला आणि पुन्हा भिंतीला चिकटवला. तो चिकटला नाही.

रेडाडोह पावसाळ्याआधीच संपला. तिथली छुई खाणीला नकोच होती. त्यांना तिच्या खालचा कोळसा हवा होता. म्हणून पांढरी माती डंपरांत भरून जुन्या खड्ड्याशेजारच्या ढिगाऱ्यावर नेऊन टाकली. खाणीतल्या टाकाऊ मातीचा तो ढिगारा म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात उंच डोंगर. कंपनीनं त्याच्यावर झाडं लावली. सुबाभूळ बहुतेक. आणि जनसुनावणीनंतर रिकामी झालेली चाखणी उचलून त्या डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याच्या चरावर नेऊन बसवली. यंत्र तेच. यादी तीच. मातीत चिकटलेलं वेगळं कसं ओळखायचं ते मॅडमनी लिहून दिलं होतं. ते कोणी यंत्रात घातलं नव्हतं.

पावसाळा होऊन गेला, चराला पाणी अजून होतं.

दिवाळीच्या आधी आईनं टोपली काढली. मी आता अकरावीला राजुऱ्याला होते, सुट्टीत आले होते. आई म्हणाली, छुई तिथं वर पडून हाय, कोणाच्या कामाची नाही, चार टोपल्या आणू. बायकांत सांगून आली, पण कोणी आलं नाही. डिस्टेंपर धुता येतो. शेवटी मंदाकाकू आल्या. सुनावणीनंतर त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "जाकीट नाही घातलं का आज? थंडी नाही वाजत?" मी म्हटलं नाही. तेवढ्यावर आमचं मिटलं.

डोंगराच्या पायथ्याशी नवी तारेची जाळी होती. फाटकावर रखवालदार, शेजारच्याच गावचा, बाबांच्या ओळखीचा. त्यानं आम्हाला अडवलं आणि लाजून बोर्डाकडं बोट दाखवलं.

बोर्ड मोठा होता, रंगीत. वर लिहिलं होतं: पुनर्निर्मित वन्यजीव अधिवास. खाली वाघाचं चित्र, बारासिंग्याचं, रानम्हशीचं, चित्त्याचं, आणि प्रत्येकापुढं संख्या. वाघ तेवीस होते. त्याच्या खाली लाल अक्षरांत, धोका, प्रवेश बंद. कंपनीला या डोंगरासाठी दिल्लीत बक्षीस मिळालं होतं, रखवालदार म्हणाला. खाणीच्या ढिगाऱ्यावर जंगल परत आणून दाखवलं म्हणून.

मंदाकाकूंनी विचारलं, तुला दिसला का एखादा?

तो म्हणाला, "काकू, मला दिसून काय उपयोग? यंत्रात दिसतात."

मी बोलायला तोंड उघडलं. मला सगळं पाठ होतं. हळदीचा डाग, खापरपणजोबा. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी तोंड मिटलं. आता खरं सांगितलं तर ते कोणाच्या कामी येईल हे मला आधी मोजायला लागलं असतं, आणि मला मोजता येईना.

जाळीच्या पलीकडं, हाताच्या अंतरावर, पावसानं वाहून आलेला छुईचा लोट वाळून पडला होता. पांढरा, लोण्यासारखा. आईनं खाली बसून जाळीतून बोटं घातली. पोहोचली नाहीत. तिनं पुन्हा प्रयत्न केला, खांदा तारेला दाबून. रखवालदार दुसरीकडं बघायला लागला.

मग ती उठली, रिकामी टोपली डोक्यावर घेतली आणि बोर्डावरच्या बारासिंग्याकडं बघत म्हणाली, "जाऊ दे बाई. त्यायले तरी जागा भेटली."

आम्ही वाटेला लागलो. थोडं खाली आल्यावर तिघींचे मोबाईल एकदम वाजले. वाघ जवळ आहे, घरात राहा. मंदाकाकूंनी सवयीनं पाऊल उचललं आणि पळता पळता थांबल्या. आई थांबलीही नाही. मी बंद करेपर्यंत माझा वाजत राहिला.